झोपायच्या खोलीला रंग कोणता?

आपल्या समाजात घर म्हणजे एक खोली, ही गोष्ट अगदी काल-परवापर्यंतची. स्वयंपाक तिथेच, जेवण तिथेच, पाहुणा आला तर त्याला बसायला घोंगडी तिथेच, आणि रात्री भांडी एका अंगाला सारून वाकळा अंथरल्या की निजायचेही तिथेच. आमच्या वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. तिथल्या डोंगरवस्त्यांत तर पावसाळ्याचे चार महिने शेळ्याही त्याच खोलीत माणसांच्या सोबतीला असत. ‘शयनगृह’ हा शब्द आम्ही शाळेच्या पुस्तकात वाचला आणि ‘बेडरूम’ सिनेमात पाहिली. म्हणून गेल्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंनी गावच्या घराला मागच्या अंगाने दहा बाय बाराची एक खोली जोडली, तेव्हा तिला काय म्हणावे यावरूनच घरात चार मते झाली. आई तिला ‘मागली खोली’ म्हणते. बंधू ‘नवी खोली’ म्हणतात. पुतण्या ‘बेडरूम’ म्हणतो आणि वहिनी ‘सुनेची खोली’ म्हणतात. सून तेव्हा यायची होती.

रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले की त्याचे क्षेत्रफळ २६९ चौरस फूट असते, हे आपल्यातील पुष्कळांना स्वानुभवाने ठाऊक आहे. त्यात बाहेरची खोली, स्वयंपाकाची जागा आणि शौचालय बसते. लग्नाच्या मुलासाठी किंवा शिकणाऱ्या मुलीसाठी वेगळी खोली हवी असेल तर ती पदरचे पैसे घालून बांधावी लागते. बंधूंनी तेच केले. इंद्रायणी भाताचे दोन हंगामांचे पैसे, पुतण्याचा शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतला पगार आणि आमचाही खारीचा वाटा, असे करून खोली उभी राहिली. वर स्लॅब पडला आणि आता रंग कोणता द्यायचा हा प्रश्न आला.

एका रविवारी आम्ही भोरहून गावी गेलो, तर घरात सभाच भरलेली. वस्तीतली चार पोरे, पुतण्या, बंधू, आई. पोरांचे मत पक्के होते. “काका, निळा म्हणजे निळाच. चारी भिंती गडद निळ्या आणि पलंगाच्या मागं सोनेरी अशोकचक्र.” बंधूंचे म्हणणे ऑइलपेंट मारू, ओल्या फडक्याने पुसता येतो. पुतण्याला छताच्या कडेने रंग बदलणाऱ्या दिव्यांची पट्टी आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही हवा होता. आई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. ती म्हणाली, “आमचा जलम चुलीपुढं निजण्यात गेला. चुना फासा नि मोकळं व्हा.”

आम्ही कार्यकर्ते म्हणून दहा ठिकाणी बोलतो, पण घरात आमचे कोण ऐकणार! तरी निळ्या रंगाविषयी जे वाटले ते सांगितले. निळा आमच्या जिवाचा रंग आहे. १९४२ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले, त्याचा झेंडा निळा. पुढे १९५७ साली रिपब्लिकन पक्ष आला, त्याचाही निळा. १८८५ साली कोलंबोत तयार झालेल्या धम्मध्वजात निळ्याशेजारी पिवळा, तांबडा, पांढरा आणि भगव्या छटेचा पट्टा आहे, आणि निळा तिथे मैत्री-करुणेचा मानला जातो. २० मार्चला आपल्या गाड्या भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरतात, तेव्हा त्यांवरचा निळा पाहून अंगावर काटा येतो. परंतु झेंडा फडकतो उघड्या आकाशाखाली. दहा बाय बाराच्या खोलीत, एका खिडकीच्या उजेडात, चारी भिंतींना गडद निळा दिला तर भिंती उजेड पिऊन टाकतात. नऊ वॅटचा दिवा लावला तरी पुस्तकातले अक्षर दिसायचे नाही. आणि ज्या महापुरुषाच्या नावाने आपण निळा लावतो, त्यांचे सगळे आयुष्य पुस्तकात गेले.

बाबासाहेबांच्या झोपण्याच्या जागेची हकीकत धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे, ती आपल्या मुलांना सांगावीच अशी आहे. सुभेदार रामजी मुलांना घेऊन मुंबईला आले, तेव्हा परळला चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच अभ्यासाची. सर्वांना निजायलाही पुरेशी जागा नाही. मग वडिलांनी तोड काढली. भीमरावाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग मुलाला उठवून त्याच्या जागेवर आपण आडवे व्हायचे. मुलाच्या उशाला जाते आणि जवळ शेळी. घासलेटच्या मिणमिणत्या दिव्यात पहाटेपर्यंत अभ्यास. पुढे विलायतेत मोठमोठ्या पदव्या घेतल्या, तरी बी.आय.टी. चाळीतल्या ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्यांतच संसार आणि वाचन चालले. दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, आणि तेही मुख्यतः ग्रंथांना जागा हवी म्हणून.

हे ऐकून पोरे थोडी नरमली. एक जण म्हणाला, “मग काय पांढराच मारायचा का?”

आम्ही म्हटले, तसेही नाही. रंग आवडीचा असावा, कारण आवड ही आपल्याला सहजासहजी मिळालेली गोष्ट नाही. गावगाड्यात अस्पृश्यांनी काय केले म्हणजे गुन्हा ठरत असे याची यादी बाबासाहेबांनी लिहून ठेवली आहे. ती त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात १९८९ साली महाराष्ट्र शासनाने छापली. त्या यादीत जमीन-जनावरे कमावणे आहे, स्वच्छ कपडे घालणे आहे, पायात वहाणा, घड्याळ, सोन्याचा दागिना आहे, आणि कौलारू घर बांधणे हेसुद्धा आहे. म्हणजे डोक्यावर कौल घालायचा की गवत, हे घरात राहणाऱ्याने ठरवायचे नव्हते, गावाने ठरवायचे होते. आमच्या आज्याच्या घराला कारवीचा कूड होता, त्यावर शेणमातीचा गिलावा, खाली गेरूचा पट्टा. पश्चिमेच्या पावसाचा मारा अडवायला जूनच्या आधी भिंतीला पेंढ्याचा आडोसा बांधावा लागे. त्या घरात रंग निवडण्याची गोष्ट निघालीच नाही.

तेव्हा निवडायचे तर निवडणारा कोण, हा प्रश्न आहे. आणि त्या सभेत बसलेल्या आम्हा सात जणांपैकी पुतण्या सोडला तर त्या खोलीत निजणारे कोणीच नव्हते. जी निजणार ती भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेला असलेल्या एका गावात आपल्या आईवडिलांकडे होती. लग्न बुद्धपौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ठरले होते. आमची पत्नी एवढा वेळ गप्प होती. ती म्हणाली, “तिला विचारलंय का कोणी?”

बंधू हसले. वहिनींना ते फारसे रुचले नाही. “अजून यायचीय ती. आल्यावर बघेल.”

बौद्ध विवाहविधी आम्ही गेली कित्येक वर्षे लावतो. वधूवर उभे राहिले की दोघांकडून प्रतिज्ञा म्हणून घेतो. त्या दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तावरून आल्या आहेत. पतीने पत्नीशी कसे वागावे याच्या तिथे पाच गोष्टी आहेत: तिचा मान राखावा, अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि यथाशक्ती वस्त्रालंकार द्यावेत. चौथी गोष्ट आम्ही माइकवरून मोठ्या आवाजात म्हणून घेतो, मंडपातले लोक टाळ्या वाजवतात, आणि मुलगी सासरी गेली की तिने ताट कुठल्या फळीवर ठेवायचे हेही दुसरेच कोणी सांगते. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, ही तारीख आमच्या पोरांना तोंडपाठ आहे. स्त्रीच्या हक्कासाठी कायदामंत्रिपद सोडणाऱ्याचे आपण अनुयायी, आणि होणाऱ्या सुनेला भिंतीचा रंग विचारायला आपल्याला कमीपणा वाटतो! असे आम्ही म्हटले, आणि जरा जोरातच म्हटले.

पुढच्या रविवारी नसरापूरच्या दुकानातून शेड कार्ड आणले आणि आम्ही दोघे मुलीच्या गावी गेलो. तिचे वडील गवंडीकाम करतात. चहा झाला, इकडचे तिकडचे झाले. विषय काढला तर मुलीच्या आईनेच उत्तर दिले, “तुम्ही म्हणाल तो रंग. आमचं काय!” मुलगी खाली मान घालून बसलेली. भोरला कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा लग्नानंतर. आमच्या पत्नीने शेड कार्ड तिच्या मांडीवरच ठेवले आणि आम्हा पुरुषांना सांगितले, तुम्ही जरा धरणाचं पाणी बघून या. आम्ही गेलो. परत आलो तेव्हा मुलगी बोलती झाली होती. हिरव्याच्या ओळीत एका फिकट चौकोनावर बोट ठेवून ती म्हणाली, “हा. आवणीच्या आधी तरवा असतो ना, तसा.” त्या रंगाचे कार्डावरचे नाव काहीतरी परदेशी फळाचे होते. आम्ही तिचेच नाव धरले, तरवा.

निघताना आम्ही चपला घालत होतो. ती दारापर्यंत आली आणि आमच्या पत्नीला हळूच म्हणाली, “काकी, खोलीच्या दाराला आतून कडी आहे का?”

नव्हती. बंधूंनी बाहेरून कुलूप लावायला भक्कम कोयंडा बसवला होता, कारण सुगीनंतर भाताची पोती त्या खोलीत ठेवायचा त्यांचा विचार होता. आतून काहीच नव्हते. रंगाचा सगळा वाद त्या एका वाक्यापुढे आम्हाला फिका वाटला. एका खोलीच्या घरात आपल्या आया-बहिणींनी कपडे कसे बदलले, आंघोळी कशा उरकल्या, बाळंतपणे कशी काढली, हे कोणी लिहीत नाही. पहाटे सगळे उठायच्या आत उठायचे, म्हणजे अंधाराचाच दरवाजा. गावी येऊन हे सांगितले तेव्हा वहिनी काही बोलल्या नाहीत. आई मात्र तांदळाचे सूप बाजूला ठेवून म्हणाली, “एक नको, दोन लावा. एक वर, एक खाली.” त्याच संध्याकाळी पुतण्याने दोन कड्या आणल्या.

त्या भेटीत दुसरीही एक गोष्ट निघाली. मुलीच्या वडिलांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, “रंग ठरला तर सांगा, म्हणजे कपाट आणि पलंग त्या रंगाला साजेसा घेतो.” मग कळले की खोली नवी बांधली आहे असे ऐकून त्यांनी पलंग, गादी, लोखंडी कपाट आणि आरशाचे टेबल असा सगळा सेट द्यायचे मनाशी ठरवले होते, आणि त्यासाठी पत्नीच्या नावावर एका फायनान्सच्या गटातून कर्ज काढायची बोलणीही झाली होती. हप्ता दर आठवड्याचा. आम्ही हिशेबाच्या टेबलावर बसणारी माणसे, त्यामुळे आठवड्याचा हप्ता ऐकला की आधी व्याज डोळ्यांपुढे येते. गवंड्याला जून ते सप्टेंबर काम नसते. सोळा-सतरा हप्ते तो कुठून भरणार?

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ सालचा. आपण हुंडा घेत नाही असे आपल्या समाजात छाती काढून सांगतो, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे. पण रोख रकमेच्या जागी हा ‘बेडरूम सेट’ कधी येऊन बसला, ते आपल्याला कळले नाही. कोणी मागत नाही, नुसते विचारतात, “मुलीला काय काय देताय?” वराकडे स्वतंत्र खोली असेल तर ती भरून देण्याचे ओझे आपोआप वधूपित्यावर. म्हणजे आपण खोली बांधून आपल्या सुनेच्या बापाला कर्जात घालायचे. आम्ही साफ नाही म्हटले. ते म्हणाले, “पोरगी रिकाम्या हातानं कशी पाठवू?” यावर आमच्याजवळ चटकन उत्तर नव्हते. बापाचे मन आहे ते, त्याला कायद्याचे कलम सांगून चालत नाही.

तोड त्यांनीच काढली. आठवडाभराने ते खोली पाहायला गावी आले. रंगापेक्षा त्यांची नजर गेली ती भिंतीकडे. खोली घराच्या नैऋत्य कोपऱ्याला होती. तिथे का, तर कोणी वास्तुशास्त्रवाल्याने बंधूंच्या कानात घातले होते की घरधन्याचे शयन नैऋत्येला असावे. आता आपल्या सह्याद्रीत पाऊस येतो तो नेमका नैऋत्येकडूनच. तोरणा-राजगडाच्या अंगाने वारा सुटला की पाऊस आडवा लागतो आणि चार महिने त्या दोन भिंती भिजत राहतात. ज्याने हे शास्त्र सांगितले त्याने वेल्ह्याचा एक पावसाळा त्या खोलीत काढावा, अशी आमची नम्र सूचना आहे. गवंडीबुवांनी बोटाने भिंत वाजवली आणि म्हणाले, “रंग राहू द्या. आधी पाणी अडवा.”

तीन दिवस ते राहिले. खिडकीवर दीड फुटाचा छज्जा काढला. बाहेरच्या दोन्ही भिंतींच्या गिलाव्याला जिथे केसासारख्या भेगा होत्या तिथे त्या उकरून भरल्या, आणि पाणी न शोषणारे द्रावण मिसळून सिमेंटचा नवा हात दिला. स्लॅबवरचे पाणी भिंतीवरून ओघळत होते, त्याला पन्हळ लावली. आम्ही तीन दिवसांची मजुरी दिली. ते घेईनात, पण शेवटी घेतली. पलंग-कपाटाची बोलणी तिथेच संपली.

रंगाचे शास्त्र त्यांनी जे सांगितले ते वाचकांच्या उपयोगाचे आहे, म्हणून इथे देतो. नवा गिलावा आठ-दहा दिवस पाणी मारून पोसायचा आणि मग महिना-दीड महिना नुसता वाळू द्यायचा. घाई करून रंग दिला तर आतली ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, भिंतीला पांढरी बुरशीसारखी भुकटी फुटते. जुने लोक त्याला लोणा म्हणतात. लोणा आलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग द्या, तो पापडासारखा सुटतो. ऑइलपेंट तर ओल्या भिंतीवर देऊच नये. तो पाणी आत कोंडतो आणि फोड येतात. बंधूंचा ऑइलपेंट असा बाद झाला. आईचा चुना मात्र बाद झाला नाही. चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि त्याच्या जहालपणामुळे बुरशी लवकर धरत नाही. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, त्यात थोडा डिंक किंवा खळ आणि मूठभर मीठ घालायचे म्हणजे अंगाला पांढरा लागत नाही. चिमूटभर नीळ घातली की पांढरा उठून दिसतो. चुना कालवताना डोळे सांभाळावेत आणि पोरांना लांब ठेवावे.

भिंतीला रंग न धरण्याची ही अडचण फार जुनी आहे. विनयपिटकात चुल्लवग्गामध्ये निवासस्थानांविषयी एक प्रकरणच आहे. भिक्खूंच्या विहारांना पांढरा, काळा आणि गेरूचा रंग देण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली. पण खडबडीत भिंतीवर पांढरा धरेना. तेव्हा भुसा घातलेल्या मातीचा थर देऊन तो थापीने सारखा करण्याची अनुज्ञा दिली. तरीही धरेना, तेव्हा मऊ माती, मग झाडाचा डिंक आणि पिठाची खळ. आमच्या गवंडीबुवांनी जे सांगितले तेच जवळजवळ. पुढे त्याच प्रकरणात काही भिक्खूंनी भिंतींवर स्त्री-पुरुषांची चित्रे काढली. त्याला तथागतांनी मनाई केली आणि फुलांच्या माळा, वेली असली नक्षी मात्र चालेल असे सांगितले. एवढ्या मोठ्या धम्मनायकाने भिंतीच्या गिलाव्यात लक्ष घातले, हे आम्ही वाचले तेव्हा मनाला फार बरे वाटले. राहण्याची जागा स्वच्छ, कोरडी, डोळ्याला शांत असावी, ही चैनीची बाब नाही, असे त्यातून आम्ही समजतो.

असो. शेवटी मध्यममार्ग निघाला. पावसाच्या दोन भिंती आणि छत यांना आईच्या म्हणण्याप्रमाणे चुना. उरलेल्या दोन कोरड्या भिंतींना तरव्याचा हिरवा, इमल्शन. पांढऱ्यामुळे उजेड राहतो आणि दाराकडून आत येताना समोर हिरवा दिसतो. सगळ्या खोलीला इमल्शन लावायचे तर हिशेब असा: दहा आणि बारा बावीस, दुप्पट चव्वेचाळीस, उंची नऊ, म्हणजे ३९६ चौरस फूट. दार-खिडकीचे ३३ वजा जाता ३६३. लिटरभर इमल्शन दोन हातांत साठ-सत्तर फूट चालते, म्हणजे सहा लिटरच्या आत. आम्हाला निम्मेच लागले. दुकानदार दहा लिटरची बादली घ्या म्हणत होता. भिंत मोजून गेल्याशिवाय रंगाच्या दुकानात पाय ठेवू नये.

दार आणि खिडकीची चौकट मात्र निळी. पोरांचे मन मोडायचे नव्हते, आणि मुलीलाही ते आवडले. त्यासाठी माळ्यावर एक जुना ऑइलपेंटचा डबा होता, तो आम्ही वापरू दिला नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या डब्यांची खात्री नाही. पिवळ्या, नारिंगी, तांबड्या ऑइलपेंटमध्ये शिसे विशेष असे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. जुन्या दारांचे पापुद्रे रांगणारी पोरे तोंडात घालतात. जुना रंग खरवडायचाच असेल तर पाणी मारून ओला करून खरवडावा, म्हणजे धूळ उडत नाही. आपल्यातली कितीतरी मुले रंगकामावर जातात. त्यांनी तोंडाला फडके बांधावे, जेवणाआधी हात साबणाने धुवावेत आणि कामाचे कपडे घरात पोरांच्या अंथरुणात टाकू नयेत.

फोटोंवरून थोडी चर्चा झाली. बाबासाहेबांचा आणि तथागतांचा फोटो झोपायच्या खोलीत लावावा की नाही? शेजारच्या एका वृद्ध उपासकांनी लावू नये असे सांगितले. आम्हाला ते पटले नाही. आपल्या तीन पिढ्या त्याच फोटोंखाली निजल्या, त्याच फोटोंखाली जन्मल्या आणि वारल्या, कारण दुसरी खोलीच नव्हती. झोपेने फोटो विटाळतो ही कल्पना आपण १९५६ साली नागपूरला मागे टाकून आलो. पण पुतण्याने सांगितलेला पाच फुटी छापील फोटोही नको. शेवटी मुलीने कळवले की तिच्याकडे रमाईचा एक लहान फोटो आहे, तो ती घेऊन येईल. बाकीची भिंत मोकळी ठेवली.

पलंग आमच्या जुन्या घराचा आहे. म्हणजे घर पाडले तेव्हा ऐनाच्या दोन तुळया जपून ठेवल्या होत्या, त्यांचा गावच्या सुताराने पलंग केला. बुटका आणि भक्कम. आई वर्षावासात पौर्णिमेला अष्टशील घेते, त्यात उंच आणि थाटाच्या आसनावर न निजण्याचे एक शील आहे. पलंग पाहून ती म्हणाली, “ह्यावर मीबी निजले तरी शील मोडायचं न्हाई.” तशी ती निजणार नाही, तिची वाकळ आणि तिची जागा ठरलेली आहे. शिरवळच्या डोंगरातली लेणी पुतण्या रोज कामावर जाताना लांबून पाहतो. तिथल्या भिक्खूंनी दगडी ओट्यावर आयुष्य काढले, हे त्याला आम्ही सांगितले, तर म्हणाला, “काका, त्यांना गादी नव्हती, मला हवी.” गादी त्याने स्वतःच्या पगारातून घेतली. उरलेल्या फळ्यांचे खिडकीखाली टेबल झाले आणि त्याच्याजवळ विजेचा एक जोड काढला, कारण मुलीची परीक्षा आहे. पडदा आमच्या पत्नीने जुन्या पांढऱ्या सुती साडीचा शिवला.

आता रंगाचा दुसरा हात वाळतो आहे. लग्नाला नऊ दिवस उरले. टीव्हीचा हट्ट पुतण्याने अजून सोडलेला नाही. बाहेरच्या खोलीत एक असताना आत दुसरा कशाला, असे वहिनींचे मत आहे आणि आमचेही. पण भिंतीत खिळा अजून कोणी ठोकलेला नाही. ती आली की दोघे ठरवतील.